2009 ची वॅगनआर घाटात गरम होते, चेक इंजिनचा दिवाही लागतो. हेड उतरवावं का?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला कळलं ते असं : गाडी पेट्रोल, पुण्यात एरवी कुरकुर नाही. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायला लागलं की काटा वर सरकतो, एसीची हवा गरम येते, मग इंजिनचा पिवळा दिवा लागतो. घाट संपून गाडी पळायला लागली की काटा खाली येतो. आणि गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून नुसतं बघून 'हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल' असं सांगितलंय. (हेड म्हणजे इंजिनाचा सिलिंडरवरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे त्या दोघांमधलं सील.)

आत्ता हेड उतरवू नका. गॅस्केट शंभर टक्के शाबूत आहे असं इथे बसून मी सांगू शकत नाही, पण तुमच्या गाडीची लक्षणं आधी पंख्याकडे बोट दाखवतात.

गाडी गरम होते यापेक्षा ती कधी गरम होते हे महत्त्वाचं. 80 च्या वेगात समोरचा वाराच रेडिएटर गार ठेवतो, तेव्हा पंखा बंद असला तरी कळत नाही. घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना वारा शून्य आणि इंजिनावर ओझं पुरेपूर, मग सगळी भिस्त पंख्यावर. तुमचं उलट असतं, म्हणजे ट्रॅफिकमध्ये ठीक आणि हायवेला काटा वर, तर मी रेडिएटर चोंदलाय किंवा वॉटर बॉडी (म्हणजे पाण्याचा पंप) पाणी नीट फिरवत नाही असं म्हटलं असतं. एसी बंद पडतो त्यानेही घाबरू नका. इंजिन तापलं की बऱ्याच गाड्या एसीचा कॉम्प्रेसर स्वतःहून बंद करतात.

पंखा घरीच तपासता येतो. गाडी सुरू करून एसी लावा, पंखा फिरला पाहिजे. मग एसी बंद करून गाडी उभ्या उभ्या गरम होऊ द्या. साधारण 95 अंशांच्या आसपास पंखा आपोआप लागायला हवा. एसीवर लागतो आणि एरवी लागत नाही, तर सेन्सर, रिले किंवा वायरिंग बघा. दोन्ही वेळा लागत नाही, तर फ्यूज नाहीतर मोटर. आणि नुसता फिरतो म्हणून समाधान मानू नका. जुन्या मोटरचे कार्बन झिजले की पाती फिरताना दिसतात, पण ओढ नसते. पंखा चालू असताना पुढच्या ग्रिलला वहीचा कागद लावून हात सोडा. चांगला पंखा तो कागद ओढून धरतो. खाली पडला तर एकतर मोटर थकलीय किंवा रेडिएटरच्या पुढच्या एसीच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, धूळ आणि किडे गच्च बसलेत.

यानंतर रेडिएटरचं झाकण. दोन-चारशे रुपयांची वस्तू, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. या झाकणामुळे आतलं पाणी दाबाखाली राहतं आणि 100 ऐवजी 115-120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं की तो दाब टिकत नाही, आणि घाटात पाणी लवकर उकळून रेडिएटरला जोडलेल्या कुलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात. मग बघणाऱ्याला वाटतं, गॅस्केट गेलं. झाकण फक्त थंड गाडीचंच उघडायचं. गरम असताना उघडलं तर वाफ आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

आता माझ्या रागाचा विषय : थर्मोस्टॅट, गॅरेजच्या भाषेत थर्मल वॉल. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. गाडी गरम होते म्हटलं की तो काढून फेकायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. 'साहेब, आपल्या हवेत लागत नाही तो.' लागतो! तो नसला की इंजिन नेहमीच्या तापमानाला पोचायलाच वेळ लावतं, कॉम्प्युटर गाडी थंडच आहे समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि ॲव्हरेज बसतं. तुमच्या गाडीत तो आहे का, हे आधी विचारा. अडकला असेल तर नवा टाका, काढून टाकायला देऊ नका. आणि बोअरचं पाणी ओतणं बंद करा. त्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत दगडासारखे बसतात. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, बस्स.

एवढं करून शंका राहिलीच तर गॅस्केट. सकाळी पूर्ण थंड गाडीचं झाकण काढा आणि कुणाला तरी गाडी सुरू करायला सांगा. सुरुवातीला थोडी हवा निघते, ती सोडून द्या. पण बुडबुडे थांबतच नसतील, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. झाकण लावून थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज पाईप दगडासारखा कडक होत असेल, तर तेही लक्षण वाईट. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर लगेच निष्कर्ष काढू नका, पावसाळ्यात जवळच्या जवळ चालणाऱ्या गाडीतही थोडा जमतो. डिपस्टिकवरचं ऑईलच दुधी कॉफीसारखं असेल तर मात्र काळजी करा. रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रावण धरून करायची एक चाचणी असते. एक्झॉस्टचा गॅस मिसळला की ते पिवळं पडतं. हेड उतरवायला निघालेल्या गॅरेजवाल्याकडे आधी तिची मागणी करा.

पिवळ्या दिव्याचं म्हणाल तर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड स्कॅनरने काढल्याशिवाय तर्क करण्यात अर्थ नाही. भारतात ओबीडीची (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड देण्याच्या यंत्रणेची) सक्ती 2010 पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर तुमच्या गाडीशी बोलेलच असं नाही. मोठा स्कॅनर असलेल्या गॅरेजात जा. पी 0217 म्हणजे इंजिन खरंच जास्त तापलं. पी 0117 किंवा 0118 म्हणजे तापमानाच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये घोळ, मग पंखा वेळेवर न लागण्याचं मूळही तिथेच सापडू शकतं. पी 0300 आणि त्याच्या लगेच पुढचे कोड मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी जाता येतं, लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा. ऑईलच्या किटलीचा लाल दिवा चालताना लागला तर मात्र तिथल्या तिथे गाडी बंद. त्यात 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' हा प्रकार नाही.

रस्त्यात काटा वर जायला लागला की एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. मे महिन्यात जीव नकोसा होतो, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. काटा लाल पट्टीच्या अलीकडे असेल आणि वाफ नसेल तर कडेला घेऊन इंजिन चालूच ठेवा, म्हणजे पाणी आणि पंखा फिरत राहतील. लाल पट्टीत गेला किंवा वाफ दिसली तर बंद करा आणि तासभर तरी हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेड वाकू शकतं, मग गॅस्केट खरंच बदलावं लागतं. अजून एक : गरम झालेल्या गाडीचा काटा अचानक धाडकन खाली आला तर खूश होऊ नका. पाणी इतकं कमी झालेलं असू शकतं की सेन्सर पाण्यात बुडालेलाच नाही.

पुढच्या महिन्यात गावाला गाडी न्यावी का, असं विचारलंय. पंखा, झाकण आणि थर्मोस्टॅट नीट असतील आणि बुडबुड्यांची चाचणी साफ निघाली तर न्या, पण खंबाटकी पहाटे चढा, शनिवारी सकाळच्या गर्दीत नको. पंखाच लागत नसेल तर तोपर्यंत एसटी बरी.