डेंटच्या सावलीतला डॉइल

प्रश्न : बेसबॉलमध्ये न्यूयॉर्कच्या यँकीज संघाच्या १९७८च्या पुनरागमनात सगळे बकी डेंटचंच नाव घेतात. ब्रायन डॉइल कोण? आणि अंतिम मालिकेतली त्याची .४३८ सरासरी म्हणजे वाईटच ना?

उत्तर : क्रिकेटची सरासरी क्षणभर विसरा. इथे हिट्सना (फटका मारून बेस गाठला तर एक हिट) अधिकृत ॲट-बॅट्सनी, म्हणजे फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्यांनी, भागतात; वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस) धरत नाहीत. .३०० म्हणजे उत्तम फलंदाज. डॉइलने त्या मोसमात ५२ ॲट-बॅट्समध्ये १० हिट्स मारल्या, म्हणजे .१९२. एकही धाव त्याच्या हिटवर आली नव्हती! दुसऱ्या बेसवरचा नेहमीचा क्षेत्ररक्षक विली रँडॉल्फ जखमी झाला म्हणून याला जागा मिळाली.

जुलैत यँकीज गुणतक्त्यात बोस्टनच्या संघापेक्षा १४ सामने मागे होते; मोसमाअखेर दोघं बरोबरीत आले. २ ऑक्टोबरच्या निर्णायक लढतीत, सातव्या डावात यँकीज ०-२ने मागे असताना डॉइलऐवजी पिंच हिटर (बदली फलंदाज) पाठवला. बेसबॉलमध्ये असा बदललेला खेळाडू सामन्यात परत येत नाही. तो बाद झाला. डॉइल बाहेर गेल्यामुळे राखीव फ्रेड स्टॅनलीला दुसरा बेस सांभाळणं भाग होतं. मग शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) डेंटऐवजीही बदली फलंदाज पाठवला, तर त्याची जागा सांभाळणार कोण? म्हणून डेंटच फलंदाजीला आला. दोन बाद, दोन धावपटू बेसवर, आणि डेंटने चेंडू डावीकडच्या ३७ फुटी भिंतीपलीकडे धाडला. यँकीज ५-४ने जिंकले.

वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, यँकीजने लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्ध पहिले दोन सामने गमावून पुढचे चार जिंकले. डॉइल १६पैकी ७, म्हणजे .४३८, डेंट २४पैकी १०, म्हणजे .४१७. एमव्हीपी (मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू) डेंटच, आणि ते योग्यच : त्याच्या हिट्सवर धावा जास्त आल्या. १६ ॲट-बॅट्सवरून मात्र फलंदाज जोखू नये. दोन हिट्स कमी पडल्या तर सरासरी थेट .३१३.