मारीअम्मनला पहिल्यांदा जाताय?

सिंगापूरला नवीन आहात, तर साऊथ ब्रिज रोडच्या मारीअम्मन मंदिरात गोपुराचा फोटो काढून परत फिरू नका. आधी गोपुराखालून आत जा. चपला बाहेर काढायच्या हे सांगायला नको, पण दुपारी अंगणातली फरशी तापते, तेव्हा सकाळीच जा.

हे इथलं सगळ्यात जुनं हिंदू मंदिर, १८२७ चं. नागपट्टणम, कडलूरकडून आलेल्या तमिळ मंडळींनी उभारलेलं. पुढाकार नारायण पिळ्ळै यांचा. ते १८१९ मध्ये रॅफल्सबरोबर, म्हणजे इथे ब्रिटिश वसाहत वसवणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर, पेनांगहून आले होते. सुरुवातीला नुसतं लाकूड आणि झावळ्यांचं छप्पर. मारीअम्मन रोगराईपासून राखणारी. आपल्या मरीआईची आठवण येतेच. अनोळखी, दमट मुलुखात माणसं हिचाच आधार शोधणार, नाही का?

मला सगळ्यात आवडतं ते कुंपणाच्या भिंतीवर. तिथे गाईंच्या मूर्ती बसल्यात, निवांत, रस्त्यावरच्या गर्दीकडे ढुंकूनही न बघता. मग बाजूच्या गल्लीचं नाव वाचा: पॅगोडा स्ट्रीट. गोपुरालाच पॅगोडा म्हटलं गेलं, त्यावरून ते पडलं. आणि हा भाग म्हणजे चायनाटाऊन! जवळच मोस्क स्ट्रीट आणि जामे मशीदही आहे.

दिवाळीच्या आधी तिमिती असते, निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी. त्या दिवशी पहिली भेट नको. गर्दीत देवळातलं काहीच धड दिसत नाही.