तापात झटका आला म्हणजे मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे का, की हे आनुवंशिक असतं?

तुमची मुलगी दीड वर्षाची, तापात झटका आला आणि सासूबाई म्हणतायत हिची प्रतिकारशक्तीच कमी, तुझं लक्ष नाही. हे आधी डोक्यातून काढून टाका. शरीर लढतंय म्हणूनच तर ताप येतो. त्या लढाईत इंटरल्यूकिन-१ बीटासारखी रसायनं तयार होतात, ती ताप चढवतात आणि मेंदूच्या पेशींनाही चेतवतात, आणि ६ महिने ते ५ वर्षं या वयात मेंदू कच्चा असतो. पण तेवढाच ताप पाच पोरांना येतो आणि झटका एकालाच, तिथे घराणं येतं.

माझ्या मुलाला सोळाव्या महिन्यात आला. रात्री अकराला, ताप आहे हेच आम्हाला कळलं नव्हतं, डोळे फिरले, अंग ताठ, ओठ निळे, दोन मिनिटंच असतील पण मला वाटलं गेलं माझं पोर. डॉक्टरांनी विचारलं, आईवडलांपैकी कुणाला लहानपणी यायचे का? मी म्हटलं, मला. दोन वर्षांचा होतो, गावी, आई खुरपायला गेली होती आणि आजीने मरेपर्यंत तिला ऐकवलं की पोराचा ताप डोक्यात चढू दिलास. मी शिकलो, नोकरीला लागलो तरी सणावाराला कुणीतरी तो विषय काढायचंच आणि आई खाली मान घालून पोळ्या लाटत राहायची.

डॉक्टर म्हणाले, बऱ्याचदा झटका आल्यावरच ताप कळतो, आणि तापाचं औषध वेळेवर दिलं तरी झटका टळेलच असं नाही. मी तिथूनच आईला फोन लावून हे जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, बाळाला बघ आधी. नंतर आत्याला विचारलं तर ती सहज म्हणते, अरे दादालाही यायचे की, आई कांदा हुंगवायची! म्हणजे आजीच्या स्वतःच्या पोराला आलेले आणि बोल माझ्या आईला. हे मी अजून विसरलो नाही आणि विसरणारही नाही.

बहुतेक घरांत यामागे एकच जीन, म्हणजे जनुक, नसतं, बरीच मिळून येतात, आईकडूनही येतात बापाकडूनही. साध्या झटक्याला जीन टेस्टची गरज नाही. साधारण तीनात एका मुलाला परत येतो, मोठेपणी बहुतेक सगळी ठणठणीत असतात.

हां, पण पहिला झटका असेल तर डॉक्टरांना दाखवाच. आला की कुशीवर झोपवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, पाच मिनिटांच्या वर गेला तर थेट हॉस्पिटल. आणि वर्षाच्या आतच सुरू झाले, लांबतात, एकाच बाजूला येतात, परत परत येतात, बोलणं-चालणं मागे पडतंय असं असेल तर मेंदूच्या डॉक्टरांकडे जा, तिथे एससीएन१ए या जीनची तपासणी करतात, ड्राव्हे सिंड्रोम नावाचा फिट्सचा वेगळा, गंभीर आजार त्यातून निघू शकतो.

आणि सासूबाईंना नीट विचारा त्यांच्या पोरांपैकी कुणाला लहानपणी यायचे का. त्या नाही म्हणाल्या तर नवऱ्याच्या आत्याला विचारा आणि लिहून ठेवा, पुढच्या बाळाच्या वेळी डॉक्टर हेच विचारणारेत.