टॅबवर चित्रपट : वर्गणीच्या आधी डेटाचा हिशेब

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. मुलीने त्यांना दहा इंची टॅब भेट दिला असून त्यावर आठवड्याला दोन हिंदी-मराठी चित्रपट पाहण्याची त्यांची इच्छा आहे. नेटफ्लिक्सचा १९९ रुपयांचा प्लॅन, अ‍ॅमेझॉन प्राइमची १,४९९ रुपयांची वार्षिक वर्गणी आणि घरी ब्रॉडबँड हे तिन्ही एकदम घ्यावे, असे जावयांचे म्हणणे आहे; शेजारचा मुलगा मात्र टेलिग्रामवरून सारे फुकट मिळवून देतो म्हणतो. निवृत्तिवेतन दरमहा ३२,००० रुपये आहे.

महोदया, आपण वर्गण्यांबद्दल विचारले आहे, परंतु जावयांच्या यादीतील सर्वांत महाग गोष्ट वर्गणी नाही. महिना ३९९ रुपयांचे ब्रॉडबँड १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ४७१ रुपयांना, म्हणजे वर्षाला ५,६५२ रुपयांना पडते, तर दोन्ही वर्गण्या मिळून होतात ३,८८७. एकूण ९,५३९ रुपयांतील निम्म्याहून अधिक रक्कम चित्रपटांसाठी नसून ते घरापर्यंत आणणाऱ्या तारेसाठी आहे.

ही तार खरोखर लागते का, ते पाहू. आपल्या मोबाइलवर रोज दीड जीबी डेटा मिळतो, असे आपण लिहिले आहे. साध्या दर्जात चित्रपट पाहिला, तर तासाला साधारण ०.७ जीबी खर्च होतो. म्हणजे अडीच तासांचा चित्रपट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून (मोबाइलचे इंटरनेट टॅबला जोडून) सलग पाहू गेल्यास दोन तास आठ मिनिटांनी डेटा संपून ऐन शेवटाला गोल चक्र फिरू लागेल. मात्र रोजच्या दीड जीबीपैकी आपण अर्धासुद्धा वापरत नाही आणि उरलेला मध्यरात्री वाया जातो, त्याचे पैसे आपण आधीच भरलेले असतात. चित्रपट थेट इंटरनेटवरून पाहण्याऐवजी आधी डाउनलोड करून ठेवावा. आज अर्धा, उद्या अर्धा, असे दोन-तीन रात्रींत एक चित्रपट सहज उतरतो. आठवड्याला दोन चित्रपटांसाठी एवढे पुरते. नातवंडे सुट्टीत राहायला येत असतील किंवा रोज व्हिडिओ कॉल होत असतील, तर ब्रॉडबँडचा विचार जरूर करावा, पण तो खर्च मग चित्रपटांच्या खात्यावर मांडू नये.

आता वर्गणी. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन टॅबवरही चालतो. त्यात चित्र ४८० पी म्हणजे साध्या दर्जाचे असते आणि टीव्हीवर पाहता येत नाही, इतकेच. ५० रुपये जादा देऊन स्पष्ट चित्र घेण्यापूर्वी टॅबला वाइडवाइन एल १ हे स्पष्ट दर्जाचे चित्रपट दाखवण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आहे का, हे मुलीकडून तपासून घ्यावे. बऱ्याच स्वस्त टॅबना ते नसते आणि मग प्लॅन कितीही महाग असला तरी चित्र साध्याच दर्जाचे दिसते.

प्राइमचे गणित निराळे आहे. महिन्याला २९९, तीन महिन्यांना ५९९ आणि वर्षाला १,४९९, म्हणजे वर्षातील किमान आठ महिने आपण ते वापरणार असाल तरच वार्षिक वर्गणी किफायतशीर. शिवाय जून २०२५ पासून तेथे जाहिराती दिसतात आणि त्या टाळण्यासाठी वर्षाला आणखी ६९९ रुपये लागतात. प्राइमबरोबर घरपोच वस्तूंवर सवलत मिळते, पण तशा वस्तू आपण क्वचितच मागवता, त्यामुळे तिचाही फारसा उपयोग नाही. माझे मत असे की एका वेळी एकच वर्गणी ठेवावी : सहा महिने नेटफ्लिक्सचे ८९४, तीन महिने प्राइमचे ५९९, मिळून १,४९३ रुपये. उरलेल्या तीन महिन्यांत प्रसार भारतीचे वेव्हज पाहावे; २०२४ मध्ये गोव्यातील इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुरू झालेल्या या अ‍ॅपवर दूरदर्शनच्या संग्रहातील बरेच काही विनामूल्य आहे. मात्र पैसे भरण्यापूर्वी आपल्याला हव्या असलेल्या दहा चित्रपटांची यादी करून ते कोठे आहेत, हे शोधावे. जुने मराठी चित्रपट नेटफ्लिक्सवर मोजकेच आढळतील. एखादाच नसेल, तर तो यूट्यूबवर भाड्याने घेता येतो, परंतु एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवावा लागतो. महिन्याला आठ चित्रपट असे भाड्याने घेणे परवडणार नाही.

टेलिग्रामचा मार्ग मात्र पूर्णपणे टाळावा. कायद्याचा मुद्दा आहेच, पण मला अधिक काळजी वाटते ती अशा ठिकाणांहून मोबाइलवर येणाऱ्या अ‍ॅपची, कारण ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि आपल्या निवृत्तिवेतनाच्या खात्याचे ओटीपी त्याच फोनवर येतात.

शेवटचा मुद्दा ऑटोपेचा, म्हणजे खात्यातून वर्गणी आपोआप कापली जाण्याच्या सोयीचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, पण छोट्या रकमांना दर वेळी ओटीपी लागत नाही. सूचना वाचली नाही, तर पैसे गेलेच. इतरांना सल्ला देणाऱ्या माझ्याच खात्यातून एका विसरलेल्या वर्गणीचे पैसे सात महिने जात होते. त्यामुळे वर्गणी भरली की त्याच दिवशी ऑटोपे रद्द करून टाकावे. भरलेला महिना संपेपर्यंत चित्रपट चालूच राहतात. पुढच्या महिन्याचे १४९ रुपये भरायचे की नाहीत, हे तेव्हा पाहता येईल.