गिट आणि गिटहब एकच आहेत का? ओपन सोर्स प्रकल्पात सहभागी होण्यासाठी आधी कोणते साधन शिकावे?

आपण लिहिले आहे की गिटहबवर खाते उघडून झाले, एक प्रकल्पही निवडला, पण पुढे काय शिकावे हे कळत नाही. गिट आणि गिटहब एकच का, या आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघते.

ते एकच नाहीत. गिट हा फाइलींमधल्या बदलांचा इतिहास नोंदवणारा, आपल्या संगणकावर चालणारा प्रोग्राम आहे. गिटहब ही प्रकल्पांचा कोड इंटरनेटवर ठेवण्यासाठी त्याच्या आधाराने २००८ साली सुरू झालेली आणि २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची असलेली सेवा आहे. लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे, काम २००२ पासून बिटकीपर या खासगी मालकीच्या साधनावर चालत असे. २००५ मध्ये कर्नलच्या विकसकांना त्याचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच गिट लिहायला घेतले आणि काही दिवसांतच गिटचा कोडही गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. त्याआधी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सबव्हर्जन या साधनात इतिहास सर्व्हरवर असे, त्यामुळे इंटरनेट नसेल तर जुन्या नोंदीही पाहता येत नसत. गिटमध्ये एरवी प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहासाची प्रत असते. कर्नलचे बदल तर आजही मुख्यतः ईमेलने पाठवलेल्या पॅचच्या (नेमका बदल दाखवणाऱ्या मजकुराच्या) रूपातच तपासले जातात, तिथे गिटहबसारखे पुल रिक्वेस्टचे (आपला बदल सामील करून घेण्याच्या विनंतीचे) हिरवे बटण नाही. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये तीच तपासणी गेरिट या वेब साधनावर होते.

म्हणजे बदल पाठवण्याची पद्धत प्रकल्पागणिक बदलते, गिट मात्र तेच राहते; म्हणून माझे मत असे की संकेतस्थळाची बटणे पाठ करण्यापूर्वी गिटचा इतिहास वाचायला शिकावे. एखादी ओळ कोणत्या कमिटमध्ये, म्हणजे संदेशासह नोंदवलेल्या कोणत्या बदलात, आली हे ‘गिट ब्लेम’ सांगते, आणि ती का आली हे त्या कमिटच्या संदेशात सापडते, अर्थात लिहिणाऱ्याने ते लिहिले असेल तर. ‘गिट बायसेक्ट’ मला सर्वांत आवडते: काल चालणारी गोष्ट आज बिघडली असेल आणि मधे हजार कमिट असतील, तर दर वेळी मधला कमिट तपासून अर्धे बाद करत साधारण दहा फेऱ्यांत दोषी कमिट हाती लागतो. मात्र एकाच कमिटमध्ये दहा गोष्टी कोंबलेल्या असतील, तर तो सापडूनही फारसा उपयोग होत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. माझा पहिला पॅच परत आला तो त्यातली दुरुस्ती चुकीची होती म्हणून नव्हे, तर तीन ओळींच्या दुरुस्तीबरोबर मी संपूर्ण फाइलमधल्या मोकळ्या जागाही ‘नीट’ करून ठेवल्या होत्या आणि तपासणाऱ्याला खरा बदल शोधावा लागत होता म्हणून. त्याच दुरुस्तीचा वेगळा कमिट करून पाठवल्यावर ती स्वीकारली गेली.

कोड लिहिण्याचा धीर अजून होत नसेल, तर लिब्रेऑफिसचा मराठी अनुवाद वेबलेट या साधनावर होतो, तिथून सुरुवात करता येईल. वेबलेट अनुवादाचे बदल गिटमध्येच कमिट करते, त्यामुळे आपण ब्राउझरमध्ये एखादे वाक्य सुधारले तरी त्याची नोंद कमिटच्या रूपाने इतिहासात राहते. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये असलेली ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल मात्र पहिला बदल पाठवण्याआधी अवश्य वाचावी. बदल ईमेलने, गेरिटवर की पुल रिक्वेस्टने पाठवायचा, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते.