रेडॉन जड आहे, मग तो बेसमेंटमध्ये साचतो का?

प्रश्न: आमची सोसायटी घोडबंदर रोडला आहे, खाली दोन लेव्हलचं बेसमेंट पार्किंग. मुलीच्या केमिस्ट्रीच्या नोट्समध्ये वाचलं की रेडॉन हवेपेक्षा साडेसात पट जड. मग तो खाली पाण्यासारखा साचत असेल ना? आणि निष्क्रिय वायू कशाशी रिअ‍ॅक्टच होत नाही तर त्याच्यापासून धोका कसला?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: जड आहे हे खरंय. शून्य अंशाला एक लिटर रेडॉन साधारण ९.७ ग्रॅम भरतो आणि तेवढीच हवा १.३ ग्रॅम. पण हे झालं शुद्ध रेडॉनचं, आणि तुमच्या पार्किंगमध्ये शुद्ध रेडॉन नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने घरांसाठी घनमीटरला १०० बेकरेल ही पातळी सुचवलीय, म्हणजे तेवढ्या हवेत सेकंदाला रेडॉनचे १०० अणू फुटतात (तो किरणोत्सारी आहे, त्याचे अणू आपोआप फुटत राहतात), आणि हिशोब केला तर त्यात रेडॉनचे एकूण अणू निघतात फक्त ५ कोटीच्या आसपास. फक्त म्हणतोय कारण तेवढ्याच जागेत हवेचे रेणू आहेत २५ वर २४ शून्यं इतके! संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर तुमच्या हातात कितीही जड बॅग असू दे, गर्दी नेईल तिकडेच जाता ना, तसंच रेडॉनचं होतं, सतत धडका खात तो हवेत मिसळूनच राहतो, तळाला थर वगैरे काही धरत नाही.

तरी तळघरात तो जास्त सापडतो हेही खरं, पण ते वजनामुळे नाही. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन बनतो, तो फटींतून वर येतो आणि खालची हवा खेळती नसली की तिथेच अडकतो. दर ३.८ दिवसांनी निम्मा संपतो म्हणून फार लांब जायला त्याला वेळच मिळत नाही. आपल्याकडे खाली बेसाल्ट आहे, त्यात ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम कमी असतं. एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा म्हणजे झालं, तो तसाही गाड्यांच्या धुरासाठी लागतोच.

आता धोक्याचं. रेडॉन स्वतः श्वासाबरोबर आत जातो आणि बहुतेक तसाच बाहेर येतो. पण तो फुटल्यावर जे पोलोनियम, शिसं, बिस्मथ तयार होतं ते घन धातू, तेही किरणोत्सारी, धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात आणि तिथे अल्फा कण, म्हणजे फुटणाऱ्या अणूतून वेगाने बाहेर पडणारे बारीक तुकडे, सोडतात. म्हणून कॅन्सरचा धोका, आणि सिगरेट ओढणाऱ्यांना तो कितीतरी जास्त.

मुलीला निष्क्रिय वायूंची एक मस्त गोष्ट सांगा: हीलियम उकळतो उणे २६९ अंशाला, झेनॉन उणे १०८ ला, रेडॉन उणे ६२ ला. अणू मोठा होत जातो तसा त्याचा इलेक्ट्रॉनचा ढग सहज हलतो, त्यामुळे अणू एकमेकांना जरा जास्त ओढतात आणि सुटे व्हायला जास्त तापमान लागतं. आणि गोठवलेला रेडॉन स्वतःच्याच किरणोत्सारामुळे पिवळा चमकतो, अजून थंड केला की नारिंगी-लाल!

साचण्याची खरी भीती आहे ती आर्गॉन या दुसऱ्या निष्क्रिय वायूची. तो हवेच्या जेमतेम १.४ पट जड, पण महापे-रबाळेच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला सिलेंडरच्या सिलेंडर लागतात, आणि एखाद्या खड्ड्यात किंवा टाकीत भरपूर लीक झाला तर तो मिसळायच्या आधी तळाला बसतो, ऑक्सिजन वर ढकलला जातो आणि वास नाही, रंग नाही, त्यामुळे आत उतरलेल्या माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. ओळखीचं कोणी असं काम करत असेल तर ऑक्सिजन मीटर लावल्याशिवाय आत उतरू देऊ नका.