घर घेतलंत, पण शाळेची रेषा कुठून जाते?

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की अटलांटा सोडून लांब, गावाकडच्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, घर घेतलेले किंवा घ्यायच्या विचारात असलेले कोण कोण आहात, आणि बापरे, पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पाच निवडलीत. मी स्वतः जॉर्जियातल्या अशाच एका काउंटीत सतरा वर्षं राहतेय, दोन्ही मुलं तिथल्या पब्लिक हायस्कूलमधून बाहेर पडली, त्यामुळं खाली जे आहे ते थोडं वाचलेलं आणि बरंचसं भोगलेलं आहे.

ताई, आम्ही जॅक्सन काउंटीत एका नव्या सबडिव्हिजनमध्ये घर बघतोय. मुलगा सातवीत आहे, मुलगी चौथीत. बिल्डरच्या ऑफिसमधली बाई म्हणाली हायस्कूल छान आहे, वेबसाइटवर रेटिंग पण चांगलं दिसतंय. अजून काय बघायचं असतं?

रेटिंग बघा, पण सगळ्यात शेवटी. आधी हे डोक्यात पक्कं बसवा की इथे आपण शाळा घेत नाही, पत्ता घेतो, आणि त्या पत्त्याला कुठली शाळा हे ठरवणारी रेषा स्कूल बोर्ड हलवू शकतं. स्थिर काउंटीत ती वर्षानुवर्षं हलत नाही. वाढत्या काउंटीत हलतेच. जॅक्सनची लोकसंख्या २०१० ला ६०,४८५ होती, २०२० ला ७५,९०७ झाली, आय-८५ हायवेच्या कडेनं वेअरहाऊस आली, कॉमर्सला बॅटरीचा कारखाना आला, मग घरं येणारच ना. आणि पुढं काय होतं ते बघायचं असेल तर फोर्साइथकडं बघा. १९९० मध्ये तिथे ४४,०८३ माणसं होती, कोंबड्या बहुतेक जास्त असतील, आणि २०२० मध्ये २,५१,२८३. आता तिथे गाव शोधावं लागतं.

आता खरी गोम सांगते. नवीन घरांना परवानगी देतं काउंटी कमिशन, म्हणजे काउंटीचा कारभार बघणारं मंडळ, आणि त्या घरांतली मुलं जाऊन उभी राहतात स्कूल बोर्डाच्या दारात. दोन वेगळी निवडून आलेली बोर्डं. कमिशननं आज पाचशे घरं पास केली तरी शाळा बांधायला जागा, पैसे, दोन-तीन वर्षं लागतात, आणि जॉर्जियात डेव्हलपरकडून जी इम्पॅक्ट फी घेतात ती रस्ते, पार्क, फायर स्टेशन यांना वापरता येते, शाळांना नाही. मग मधल्या काळात काय होतं, तर शाळेच्या मागच्या पार्किंगमध्ये ट्रेलर येतात. पांढरे, चाकांवरचे वर्ग, लाकडी रॅम्पवाले, पाऊस आला की मुलं दप्तर डोक्यावर धरून मेन बिल्डिंगकडं पळतात. म्हणून माझं ऐका, एखाद्या दिवशी सकाळी शाळेच्या मागं चक्कर मारा आणि ट्रेलर मोजा. मग आतल्या एखाद्या पोराला विचारा की लंच कितीला असतं. आमच्या मोठ्याला एक वर्ष सकाळी १०:२० ला लंच होतं कारण कँटीनमध्ये एका वेळी सगळे मावतच नव्हते, चार पाळ्या लागायच्या, घरी आला की दारातच बूट फेकून फ्रीज उघडायचा.

रेषेचं पण सांगते. तो नववीत जायच्या वर्षीच आमच्याकडं रिडिस्ट्रिक्टिंग झालं, म्हणजे शाळांच्या हद्दी नव्यानं आखल्या. नकाशात रेषा आमच्या रस्त्याच्या मधोमध, अगदी त्या पिवळ्या पट्टीवरून गेली. समोरच्या घरातला त्याचा जिवलग मित्र, पाचवीपासून एकत्र बसनं जाणारा, दुसऱ्या शाळेत गेला. दोन बस, दहा मिनिटांच्या अंतरानं, एकमेकांना हात करायचे. अकरावी-बारावीच्या मुलांना बऱ्याचदा जुन्या शाळेत राहू देतात, पण मग बस मिळेलच असं नाही, हे आधी विचारून ठेवा.

आणि जॅक्सनमध्ये अजून एक गंमत आहे. एकाच काउंटीत तीन स्कूल सिस्टीम आहेत, काउंटीची, जेफरसन शहराची आणि कॉमर्स शहराची. पत्त्यात जेफरसन लिहिलंय म्हणून मुलं जेफरसन सिटी स्कूललाच जातील असं अजिबात नाही, पोस्टाचं गाव वेगळं आणि सिटी लिमिट वेगळी. घराचा पूर्ण पत्ता देऊन डिस्ट्रिक्ट ऑफिसला फोन करा, बिल्डरच्या बाईवर विसंबू नका, तिचा दोष नाही, तिला घर विकायचंय.

जाता जाता, बाहेरच्या राज्यातून येत असाल तर लसीकरणाचा जॉर्जियाचाच फॉर्म लागतो, ३२३१ नंबरचा. भारतातलं कार्ड आहे तसं चालत नाही, डॉक्टर किंवा काउंटीचं हेल्थ डिपार्टमेंट त्यावरून फॉर्म करून देतं. शाळा इथे ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात, तेव्हा जुलैतच करून घ्या.

प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात अर्ध्याहून जास्त रक्कम शाळेची आहे! आम्हाला मूलबाळ नाही अजून. शेजारच्या आजोबांचं घर आमच्याएवढंच, ते म्हणतात मी शाळेचा एक पैसा भरत नाही. पलीकडच्या साठ एकरवाल्याचं बिल पण आमच्यापेक्षा कमी. आणि आम्ही एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, मत पण नाही. हा काय न्याय?

राग समजतो हो. आधी हिशोब बघू. जॉर्जियात घराच्या बाजारभावाच्या ४० टक्क्यांवर टॅक्स लागतो. म्हणजे पाच लाख डॉलरचं घर, तर दोन लाख धरायचे. दर मिलमध्ये असतो, एक मिल म्हणजे हजाराला एक डॉलर. समजा शाळेचा दर १७ मिल आहे, तर ३,४०० डॉलर झाले. त्याच्यातून होमस्टेड एक्झेम्प्शन, म्हणजे स्वतः राहतो त्या घरावरची सवलत, वजा होतं, त्याचा अर्ज १ एप्रिलच्या आत करायचा असतो, आणि आपल्यातले निम्मे लोक पहिल्या वर्षी तो विसरतात, मी पण विसरले होते.

आजोबा खोटं बोलत नाहीयेत. बऱ्याच काउंट्यांमध्ये ठरावीक वयानंतर शाळेचा टॅक्स पूर्ण किंवा थोडा माफ होतो, वय आणि अटी काउंटीगणिक बदलतात. साठ एकरवाल्यानं बहुतेक कन्झर्व्हेशन यूजचा करार केलेला असणार, दहा वर्षं जमीन शेतीतच किंवा जंगलातच ठेवीन असं लिहून द्यायचं आणि बदल्यात जमिनीची किंमत विक्रीच्या भावानं नाही तर शेतीच्या हिशोबानं धरली जाते. करार मोडला तर दंड. मला विचाराल तर हा सौदा आपल्या फायद्याचा आहे, कारण त्या साठ एकरांवर गाई चरतायत तोवर तिथून शाळेत एकही मूल येत नाही. तिथे दीडशे घरं उभी राहिली की मग बघा बिल.

नवीन इमारती मात्र सगळ्या या टॅक्समधून होत नाहीत. एक सेंटचा शाळांसाठीचा सेल्स टॅक्स असतो, ई-स्प्लॉस्ट म्हणतात, मतदान घेऊन जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी लावतात आणि तो पैसा बांधकाम, बस, कॉम्प्युटर, जुनी कर्जं यांनाच वापरायचा, शिक्षकांच्या पगाराला नाही. म्हणून कधीकधी असं दिसतं की स्टेडियम चकचकीत आणि गणिताला सर नाहीत. लोक चिडतात, पण ती दोन वेगळी पाकिटं आहेत, एकातलं दुसऱ्यात टाकता येत नाही.

मत नाही हे खरं, ते नागरिकांनाच. पण बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलायला नागरिकत्व कोणी विचारत नाही. आधी नाव नोंदवायचं, साधारण तीन मिनिटं मिळतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हॉलमध्ये जेमतेम अकरा माणसं होती, त्यातली चार बोर्डाचीच बायका-पोरं वाटली मला. एवढ्या कमी गर्दीत तुमचं वाक्य ऐकू जातं. आमच्या बस स्टॉपवर दिवा नव्हता, पहाटे साडेसहाला काळोखात पोरं उभी राहायची, तेवढंच बोलले, आणि दोन महिन्यांत स्टॉप कोपऱ्यावरच्या चर्चच्या दिव्याखाली हलवला.

आमच्या हायस्कूलमध्ये एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय फक्त नऊ आहेत. नात्यातल्या मुलाच्या शाळेत पंचवीस. कॉलेज ॲडमिशनला मुलगी मागं पडेल का? परत शहराच्या बाजूला जावं का?

नका जाऊ, निदान या कारणासाठी तरी नको. कॉलेजवाले मुलीला तिच्या शाळेत काय काय उपलब्ध होतं त्या हिशोबानं बघतात, शाळेचा प्रोफाइल अर्जासोबतच जातो. नऊपैकी सात घेतले तर ते दिसतं. शिवाय राज्याची जॉर्जिया व्हर्च्युअल स्कूल आहे, तिथे शाळेत नसलेले एपी ऑनलाइन घेता येतात, आणि ड्युअल एनरोलमेंट आहे, हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे क्लास, मुख्यतः अकरावी-बारावीला. काउन्सेलरच्या मागं लागा, कारण वाढत्या शाळेत एकेका काउन्सेलरकडं शेकडो पोरं असतात आणि गप्प बसणाऱ्याचं फॉर्म राहून जातं.

कॉलेजसाठीची राज्याची होप स्कॉलरशिप मात्र आधीच तपासा. ३.० जीपीएवर मिळते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांसारख्या पात्र मुलांना, एच-फोर व्हिसावरच्या, म्हणजे एच-वनवाल्यांच्या, मुलांना नाही. मार्क असूनही बारावीत हे कळलेली घरं मी बघितलीत, फार वाईट वाटतं.

आणि एक आगाऊपणा करते. या शाळांमध्ये एपीपलीकडं जे असतं ते आपण बघतच नाही. वेल्डिंग, पशुवैद्यक, कन्स्ट्रक्शन, हेल्थकेअर. धाकट्यानं वेल्डिंग घेतलं तेव्हा आमच्या घरी दोन आठवडे अबोला होता, नवरा म्हणे इंजिनिअरचा मुलगा वेल्डिंग करणार का. आज तो मेकॅनिकल करतोय आणि वर्कशॉपमध्ये बाकीची पोरं ड्रॉइंग काढतात तेव्हा हा जोड मारून मोकळा होतो. नवरा आता पाहुण्यांना त्यानं केलेलं लोखंडी बाकडं दाखवतो, अबोल्याचं नाव पण काढत नाही.

मावशी, मी दहावीत आहे. आम्ही जूनमध्ये इथे आलो. इथे सगळे एकमेकांना केजीपासून ओळखतात, आडनावं पण रस्त्यांच्या नावासारखीच आहेत. लंचला कुठं बसायचं तेच कळत नाही. फुटबॉल मला कळत नाही. अजून तीन वर्षं कशी काढू?

अगं बाळ, आडनावं आणि रस्ते सारखेच असणार, त्यांच्याच पणजोबांच्या शेतातून ते रस्ते गेलेत. पण नीट बघ, नवीन सबडिव्हिजनमधून आलेली तुझ्यासारखी निदान पन्नास पोरं त्याच कँटीनमध्ये ताट घेऊन उभी असतील आणि प्रत्येकाला वाटत असेल की आपण एकटेच.

फुटबॉल कळायची गरज नाही, मला सतरा वर्षांत कळलेलं नाही. शुक्रवारी रात्री मॅचला जायचं ते मॅच बघायला नाहीच. अख्खं गाव तिथे असतं, शेरीफ, डेंटिस्ट, तुमची बस चालवणाऱ्या बाई. तुला वाजवायला येत असेल तर बँड, नाहीतर कन्सेशन स्टँडला मदत कर, तिथे कायम माणसं कमी असतात. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा नाचोजवर चीज ओतायच्या पंपानं माझ्या नव्या कुर्त्यावर पिवळी धार मारली, आणि शेजारी उकडलेले शेंगदाणे भरत असलेली बाई एवढी हसली की आमची मैत्रीच झाली. उकडलेले शेंगदाणे! आपलेच की, फक्त इथे ते मिठाच्या पाण्यात तासन्‌तास उकळतात आणि कपातून देतात.

दुसरं म्हणजे एफएफए बघ, शेतीविषय शिकणाऱ्या मुलांची संघटना, मूळ नाव फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका. निळं कॉर्डरॉयचं जॅकेट, पुढं सोनेरी धाग्यात नाव विणलेलं, ती पोरं. १९२८ पासूनची संघटना आहे. तुला वाटेल शेतकऱ्यांच्या मुलांसाठीच, पण नाही, १९८८ मध्ये त्यांनी नावातून फार्मर शब्दच बाजूला केला, म्हणजे आता शेत नसलेली मुलं पण घेतात. भाषण, मीटिंग चालवणं, गाय पारखणं, काय वाट्टेल त्याच्या स्पर्धा असतात. वर्गात वर्षभर बसून ओळख होत नाही ती स्पर्धेला जाताना व्हॅनमध्ये चार तासांत होते. आणि लंचचं म्हणशील तर उद्या ॲगच्या, म्हणजे शेतीविषयाच्या, वर्गातच डबा खायला परवानगी आहे का ते विचार, बरेच शिक्षक देतात.

ताई, घरामागं शेतकऱ्याचे कोंबड्यांचे लांब शेड आहेत. घर बघायला आलो तेव्हा डिसेंबर होता, काही वास नव्हता. आता दार उघडवत नाही. काउंटीकडं तक्रार करावी का? शेजारी म्हणाले तो शेतकरी स्कूल बोर्डावर पण आहे.

करून काही उपयोग होणार नाही. जॉर्जियात राइट टू फार्म कायदा आहे, शेती आधीपासून चालू असेल आणि आपण नंतर जाऊन शेजारी बसलो, तर वासाची तक्रार सहसा टिकत नाही. आणि कोंबडी हा या भागाचा पोटापाण्याचा धंदा आहे, जवळचं गेन्सव्हिल तर स्वतःला जगाची पोल्ट्री राजधानी म्हणवतं.

शेडमधलं खत कुरणावर पसरतात तेव्हा वास सगळ्यात जास्त असतो, आणि वर पाऊस पडला तर दोन दिवस विचारू नका. एकदा बांधावर जाऊन त्यांना भेटा, खत कधी पसरणार ते आधी कळवाल का एवढंच विचारा. आमच्याकडचे आता मेसेज करतात, आदल्या रात्री. त्या दिवशी मी कपडे बाहेर वाळत घालत नाही.